आईच्या उपवासाचे वेफर्स

मंगळवारी आमच्या दुकानात पहिली कढई लागते ती उपवासाच्या मालाची. तिच्यात हळद पडत नाही, मीठ सैंधव असतं. किसणीला आदल्या दिवशीच्या हळदीचा डाग दिसला, तर मी ती परत धुवायला लावतो. लालबागची बाई वेफर उजेडात धरून बघते. जरा पिवळा वाटला की विचारते, "उपासाला चालतील ना नक्की?" आणि मी इतकी वर्षं एकच उत्तर देत आलो होतो. "ताई, केळं, खोबरेल आणि सैंधव. चौथं काही नाही. बिनधास्त खा, पौष्टिक आहे."

दुकानाच्या पाटीवरही तेच रंगवलं होतं. उपवासासाठी पौष्टिक केळा वेफर्स. पाटी रंगवणारा म्हणाला होता, सगळेच लिहितात. म्हणून मीही लिहिलं.

त्या मंगळवारी पहिली कढई उतरत असतानाच धाकट्या भावाचा फोन आला. तो एरवी मला फोन करत नाही. सणासुदीला मेसेज पाठवतो, हात जोडल्याच्या चित्रासकट.

"दादा, आई बाथरूममध्ये बसली ती उठेचना. पाय उचलतच नाहीत म्हणते. परळला घेऊन निघालोय, तू ये."

"पडली का?"

"पडली नाही रे. पायात जीवच नाही."

मी ॲप्रन गल्ल्यावर टाकला आणि चालत सुटलो. सकाळच्या गर्दीत लालबागहून परळला टॅक्सीपेक्षा पाय लवकर पोचवतात. रस्ताभर मला एकच आठवत होतं. काही महिन्यांपूर्वी किडनीच्या डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं होतं. किडनी अर्धीअधिक गेलीय. केळी, बटाटा, दाणे, सुकामेवा बंद. त्यातलं पोटॅशियम तुमच्या किडनीला बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयावर येतं. आईने मान डोलावली होती. ती मान डोलावते तेव्हा मला भीती वाटते. ती भांडते तेव्हा निदान ऐकत तरी असते.

कॅज्युअल्टीत तिला पडद्याआड झोपवलं होतं. छातीवर वायरी. बाजूच्या मशीनवरची रेघ मला कळत नव्हती, पण तिच्याकडे बघणाऱ्या डॉक्टरचा चेहरा कळत होता. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने रेघेकडे बघत विचारलं, "आजींनी काल-आज काय काय खाल्लंय?"

"काहीच नाही," भावजय म्हणाली. "काल संध्याकाळपासून उपवास आहे त्यांचा."

"काय नाय खाल्लं, बाय," आई डोळे मिटूनच म्हणाली. "उपास आहे माझा."

"पाणी?"

"पाणी प्यायल्या," भावजय म्हणाली.

डॉक्टरने माझ्या भावाकडे पाहिलं. तो मोठ्या कंपनीत साहेब आहे, स्वच्छ शर्ट, स्वच्छ मराठी. तोही म्हणाला, "उपवासाला ती काही घेत नाही, डॉक्टर."

तिघं शपथेवर बोलल्यासारखी बोलत होती, आणि तिघांपैकी एकही खोटं बोलत नव्हतं. आमच्याकडे उपवासाचं खाणं हे खाण्यात धरतच नाहीत. ताट वाढलं, वरण-भात घेतला, तर ते खाणं. साबुदाणा, वरी, दाणे, राजगिऱ्याची वडी, वेफर हे सगळं दिवसभर तोंडात चालू असलं तरी संध्याकाळी बाई म्हणते, सकाळपासून पोटात काही नाही. हे वाक्य मी गल्ल्यावर बसून दर मंगळवारी ऐकतो. माझा निम्मा धंदा या वाक्यावर उभा आहे. त्यामुळे मला ते तिथे, त्या मशीनसमोर ऐकू आलं तेव्हा डोकं फिरलं.

"अहो, उपवास म्हणजे ही माणसं उपाशी नसतात," मी डॉक्टरला म्हणालो. "नीट विचारा. सोमवारी संध्याकाळपासून तोंडात काय काय गेलं ते विचारा."

"दादा, ओरडू नकोस, हॉस्पिटल आहे," भाऊ म्हणाला.

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. आईच्या कानाशी वाकलो. "आये, खिचडी खाल्लीस?"

"नाय. दाण्याचा कूट नको सांगल्यान ना डॉक्टरान."

"बटाटा?"

"नाय रे."

"केळं?"

तिने डोळे उघडले. तिला राग आला होता. "केळ्याक हात लावक नाय मी. डॉक्टरान सांगल्यान तेवाधरना नाय."

"मग काय खाल्लंस?"

"कायएक नाय. सकाळी चाय घेतलंय. आणि ते वेफर."

डॉक्टर वळली. "कसले वेफर?"

"केळ्याचे," मी म्हणालो. "किती खाल्लेस, आये?"

"पुडो होतो. कालपासना संपलो."

डॉक्टरने नर्सला दोन-तीन औषधांची नावं भराभर सांगितली, सलाईनच्या नळीत इंजेक्शन गेलं, आणि आम्हाला पडद्याबाहेर काढलं. जाता जाता तिने एवढंच सांगितलं, "रक्ताचा रिपोर्ट येईल, पण ईसीजीवरून पोटॅशियम खूप वाढलेलं वाटतंय. हृदयाचे ठोके बिघडतायत. औषधांनी उतरलं तर ठीक. नाहीतर डायलिसिस करावं लागेल, आजच."

बाहेरच्या बाकांवर आम्ही तिघं. भाऊ माझ्यासमोर उभा राहिला. आजूबाजूला अनोळखी माणसं बसली होती आणि त्यांच्यादेखत तो म्हणाला, "तुझे वेफर्स, दादा. तुझ्या दुकानातले. आई गेली असती आज."

इथे मागचं थोडं सांगायला हवं, नाहीतर माझा राग कुणाला कळणार नाही.

गिरणी बंद पडल्यावर वडील घरी बसले, ते बसलेच. मी शाळा सोडली आणि चाळीच्या जिन्याखाली एक कढई मांडली. आई केळी सोलायची, मी तळायचो. चीक लागून तिची बोटं काळी व्हायची, ती लग्नकार्यात पदराखाली हात लपवायची. धाकटा त्याच खोलीत पुस्तक घेऊन बसायचा. शिकला, मोठा झाला, प्रभादेवीला टॉवरमध्ये घर घेतलं. आईला लिफ्ट हवी म्हणून ती त्याच्याकडे राहायला गेली. इथवर माझी काही तक्रार नाही. त्याच्या वास्तुशांतीला मी पहाटे स्वतः कढईवर उभा राहिलो आणि मोठा डबा भरून गरम वेफर घेऊन गेलो. भावजयीने तो ओट्याखाली ठेवला. पाहुण्यांसमोर मॉलमधली पाकिटं फोडली, भाजलेल्या, तेल न लावलेल्या कसल्या चकत्या. मी विचारलं तेव्हा भाऊ हसून म्हणाला, "आमच्याकडे तळलेलं कोणी खात नाही रे आता." जेवणं झाल्यावर मी ओट्याखालून डबा काढला आणि तसाच परत आणला. त्यानंतर मी त्या घराची पायरी चढलो नव्हतो. आईला भेटायचं तर ती दुकानात यायची.

अशा माणसाने मला अनोळखी लोकांसमोर सांगावं की आई तुझ्या वेफर्सने गेली असती!

"डॉक्टरांनी सांगितल्यापासून माझ्या दुकानातून तुझ्या घरी एक पुडा आलेला नाही," मी म्हणालो.

"मग आभाळातून पडला?"

"आईला सांभाळतोस तू. तिच्या हातात पुडा कुठून आला ते तू सांग."

"बोर्ड कुणाच्या दुकानावर लागलाय, उपवासासाठी पौष्टिक म्हणून?"

"भावोजी, प्लीज," भावजय मध्ये पडली. "इथे नको ना."

मी खिशातून फोन काढला आणि त्यांच्यासमोरच दुकानात लावला. काउंटरवरच्या माणसाने उचलला. "माझ्या आईला वेफर कोणी दिले?" मी असा ओरडलो की वॉर्डबॉयने बोट ओठांवर ठेवलं.

"कोणी नाय, शेठ. तुम्ही नको बोललात तेव्हापासून नाय. आजी आल्या होत्या मागच्या आठवड्यात. नाय दिले. लय शिव्या देऊन गेल्या."

फोन स्पीकरवर होता. मी भावाकडे बघितलं. त्याने नजर फिरवली, पण माफीचा एक शब्द काढला नाही. "कुठले का असेनात," तो म्हणाला, "वेफर ते वेफरच."

दुपारी आतून निरोप आला. ठोके जरा सुधारतायत, पण अजून भरवसा नाही, संध्याकाळी पुन्हा रक्त तपासतील. भाऊ खाली जाऊन आला तो हातात शहाळं घेऊन, स्ट्रॉ खोचलेलं. आमच्याकडे दवाखान्यात कुणी असलं की शहाळं जातंच. त्याचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. पण दारातच हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाई भेटल्या. चष्मा, खांद्यावर पिशवी, बोलणं शांत.

"हे कोणासाठी?"

"आईसाठी. अशक्तपणा आहे ना."

"त्यांना? अहो, शहाळ्यात पोटॅशियमच असतं. हे तुम्ही प्या, नाहीतर कुणाला देऊन टाका."

शहाळं हातात धरून तो तसाच उभा राहिला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. आत आई वायरींमध्ये अडकलेली, आणि मला बाहेर बरं वाटत होतं. मी म्हणालोही, "शहाळं ते शहाळंच." भावजयीने माझ्याकडे असं बघितलं की पुढचं मी गिळलं.

बाई माझ्याकडे वळल्या. वेफर्सचं दुकान माझं, हे त्यांना कळलं होतं. मी त्यांच्याशी भांडायच्या तयारीतच होतो. दर वाढवणाऱ्या केळीवाल्याशी बोलताना मी आधी त्याला बोलू देत नाही, तसंच केलं.

"हे बघा बाई, शुद्ध खोबरेल. पाम तेलाचा थेंब नाही. एकदा तापलेलं तेल दुसऱ्या दिवशी वापरत नाही. मैदा नाही, रंग नाही. फळ आहे ते."

"विश्वास आहे माझा," त्या म्हणाल्या. "पण आज तेलाचा प्रश्न नाहीये, काका. तेलाचा प्रश्न तुमच्यासाठी. बीपी आहे?"

"माझं मध्ये काढू नका."

"बरं नाही काढत. मला एक सांगा. मोठं कच्चं केळं तळलं की केवढे वेफर होतात?"

"मूठभर."

"मूठभरच? एवढ्या मोठ्या केळ्याचे?"

"मग? केळ्यात पाणी किती असतं! चकती तेलात पडली की ते पाणी उडायला लागतं, तीच तडतड. आवाज मंदावला की समजायचं पाणी संपलं, माल उतरवायचा. उशीर झाला तर करपतो."

"पाणी उडून जातं. बाकीचं?"

"बाकीचं कुठे जाणार, आतच राहतं."

"आणि पाण्याच्या जागी?"

"थोडं तेल शिरतं."

हे मी त्यांना शिकवावं तसं, ठसक्यात सांगितलं. सांगून झाल्यावर मला ते ऐकू आलं. पुडा. पुड्यात किती मुठी असतात ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

बाई माझ्यावर चढल्या नाहीत. म्हणाल्या, "बटाटा चिरून पाण्यात ठेवला, मग उकळला आणि दोन्ही वेळचं पाणी फेकून दिलं, तर पोटॅशियम थोडं तरी पाण्याबरोबर जातं. तळताना ते कुठे जात नाही. आईंनी केळं सोडलं. अगदी प्रामाणिकपणे सोडलं. केळी एकामागून एक खाणं जडच जातं, तिसऱ्याला माणूस नको म्हणतो. वेफरला कोणी नको म्हणत नाही."

"मग काय, दुकान बंद करू?" मी उसळलो.

"मी असं कुठे म्हटलं? ज्याची किडनी चांगली आहे त्याला केळ्यातलं पोटॅशियम हवंच असतं. चहाबरोबर मूठभर खावेत की, छान लागतात. फक्त फळ खाल्लं असं समजू नये. तळलेला खाऊ आहे, मीठ आहे, तेल आहे, तेवढाच खावा. आणि दिवसभर उपाशी राहून त्याच्यावर पुडा संपवू नये. कोणीच नाही."

"उपवासाला खातात हो लोक."

"म्हणूनच तर सांगतेय," बाई म्हणाल्या.

संध्याकाळचा रिपोर्ट बरा आला. डायलिसिस टळलं. रात्री भाऊ थांबला, मी घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. भावाचं वाक्य मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. शेवटी ती म्हणाली, "त्यांचं जाऊ दे. पुढच्या मंगळवारी आई काय खाणार, ते बोला." मला झोप लागली नाही ती या प्रश्नाने. उपवास ती सोडणार नव्हती, हे मला माहीत होतं. वडील गेले तेव्हाही तिने मंगळवार मोडला नव्हता.

सकाळी गेलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. भाऊ खिडकीशी. मला बघून आईने पहिलं वाक्य टाकलं, "दुकान सोडून कित्याक इलंस?"

"वेफर कुठून घेतलेस?" मी विचारलं.

"तुज्या दुकानात गेल्लंय. तुज्या माणसान दिल्यान नाय. माका! तुज्या आवशीक!"

"मीच सांगितलं होतं त्याला."

"म्हायत आसा माका. मगे देवळाकडच्या त्या दुकानात घेतलंय. चलत गेलंय. तेच्या तेलाक घाण वास मारता." तिने तोंड वाकडं केलं. "तुजे बरे."

त्या देवळाकडच्या दुकानदाराचं तेल मला ठाऊक आहे. दिवसचे दिवस तेच तेल. माझ्या आईने, जिने माझी पहिली केळी सोलली तिने, त्याच्याकडून पुडा घ्यावा आणि तो खाऊन वायरींत पडावं! मला कोणावर चिडावं ते कळेना, म्हणून मी तिच्यावरच चिडलो.

"केळं बंद म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"केळा खाल्लंय काय मी? वेफर खाल्लंय. एवढ्या उकळत्या तेलात काय रवता तेच्यात?"

"सगळं राहतं, आये. सगळं आत राहतं."

"मगे पाटयेर पौष्टिक कोणी लिवल्यान? मी?"

खिडकीपाशी भाऊ हसला. अगदी थोडंसं, नाकातून. मी वळलो. "तू हसू नकोस. कालचं तुझं बोलणं बाकी आहे. चार लोकांत बोललास, चार लोकांत माफी माग. आत्ता नर्स आहे इथे, तिच्यासमोर माग."

"माफी कशाची? तुझे नसतील, तुझ्यासारखेच होते."

"तुझ्या घरातून चालत जाऊन आणलेत तिने. तुला पत्ता नाही."

"मी ऑफिसात असतो, दादा. तिच्यावर पहारा ठेवू?"

"जोरात बोलू नका," नर्स म्हणाली. आईच्या मशीनवरचा आकडा वर सरकला होता. आईने आमच्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड करून पडली.

भाऊ चहाला गेला. मी स्टूल ओढून बसलो. आता सौदा करायचा होता. मी आयुष्यभर सौदेच करत आलोय, केळीवाल्याशी, तेलवाल्याशी, जागेच्या मालकाशी. नियम साधा आहे. समोरच्याला काय सोडवणार नाही ते आधी ओळखायचं आणि त्याला हात लावायचा नाही. तरीही मी पहिलं वाक्य चुकीचंच टाकलं.

"आये, उपास सोड. देवाला चालतं. आजारी माणसाला सूट असते."

"मी उपास सोडूचंय नाय," भिंत म्हणाली.

"बरं. उपास कर. वेफर सोड."

"आणि खाव काय? पाणी?"

आहारतज्ज्ञ बाईंना मी सकाळी येतानाच गाठून विचारलं होतं. "वरीचा भात खा, थोडं ताक. सफरचंद खा. साबुदाणा चालतो, दाण्याचा कूट आणि बटाटा न घालता."

ती वळली. "कुटाशिवाय खिचडी? ती काय गळ्याखाली उतरतली? चिकटवूक घेतत ती, पतंगाक."

"थोडं तूप घालू."

"नको माका." मग जरा हळू, "तोंडात कायतरी कुरकुरीत होया, झिला. दिसभर तोंड सुका पडता. तू एवढां तळतंस, लोकांका खाऊक घालतंस. आणि माका काय?"

तिला सोडवणार नाही ते हे होतं. कुरकुरीत, आणि ते माझ्या कढईतलं. देवळाकडच्या दुकानापर्यंत ती चालत गेली ती याच्यासाठी.

"साबुदाण्याच्या पापड्या," मी म्हणालो. बाईंनी साबुदाणा चालेल म्हटलं होतं, तळलेल्या चार पापड्याही चालतील म्हटलं होतं, पापडखार न घालता, मीठ अगदी कमी. "आमची ही घरी घालेल, वाळवेल. मी खोबरेलात तळीन. पण एकदा ठरलं की पुड्याला हात लावायचा नाही. माझ्याही नाही, त्याच्याही नाही."

"गरम?"

"गरम."

"तूच घेवन येतलंस. माणसाकडना पाठवूचा नाय."

"त्याच्या घरी मी येणार नाही."

"मगे मी वेफर खातलंय," ती म्हणाली. सहज. जणू चहात साखर किती ते सांगत होती.

मी समोरच्याचा कमकुवत भाग शोधत होतो आणि तिने माझा केव्हाच शोधला होता. "बरं. येईन. पण आधी त्याने माफी मागायला हवी. एवढं तरी—"

"माफी नको. कायएक नको. पापडी देवची, बसूचा, आणि तेका कायएक बोलूचा नाय. त्या दिसाचां नाय, वास्तुशांतीचां नाय."

"तो बोलला तर?"

"तरी नाय."

"आये, चूक त्याची आहे."

"आसात," ती म्हणाली. "मी कुठे नाय म्हणतंय?"

याच्यापेक्षा वाईट सौदा मी कधी केला नाही. जागेच्या मालकानेसुद्धा मला इतकं खाली आणलं नव्हतं. मी थोडी घासाघीस केली. महिन्यातून एकदा बोलीन म्हणालो. त्याने विषय काढला तरच बोलीन म्हणालो. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, मनगटावर सुईची पट्टी, ओठ सुकलेले. शेवटी मी मान डोलावली. तिने माझ्या मानेकडे संशयाने बघितलं आणि म्हणाली, "तोंडान सांग." मी तोंडाने सांगितलं.

ती घरी गेली. मी पाटी रंगवणाऱ्याला बोलावून 'पौष्टिक' शब्दावर रंग फिरवून घेतला. धंदा काही कमी झाला नाही. गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा मी सांगतो, उपासाला चालतात, मूठभर खा. काही बायकांना राग येतो. एक म्हणाली, "विकणारा तू का आमचा डॉक्टर?" मीही तिला म्हणालो, "विकणाराच. पुडा लहान देऊ का मोठा?" तिने मोठाच घेतला.

पुढच्या मंगळवारी उपवासाची कढई लावण्याआधी मी थोडं तेल वेगळं तापवलं. पापड्या टाकल्या. त्या फुलायला वेळ लागत नाही. कागदात घातल्या, डब्यात भरल्या आणि प्रभादेवीला गेलो. वॉचमनने मला कोणाकडे म्हणून विचारलं. मी भावाचं नाव सांगितलं, नातं सांगितलं नाही. भावजयीने दार उघडलं. "या भावोजी," ती म्हणाली आणि बाजूला झाली. तिच्या चेहऱ्यावरून ती घाबरलेली दिसत होती. मीही असेन.

आई जेवणाच्या टेबलाशी बसूनच होती, वाट बघत. तिने डबा ओढला, झाकण काढलं, वास घेतला. एक पापडी कानाशी धरून मोडली. आवाज आला. मग तोंडात घातली.

"मीठ नाय."

"आहे, कमी आहे."

"नायच," ती म्हणाली आणि दुसरी उचलली.

आतल्या खोलीतून भाऊ आला. ऑफिसला निघालेला, कपाळाला गंध. त्याने डब्यात बघितलं, एक पापडी घेतली, दातांनी अर्धी तोडली, चावली. तळलेली होती. उरलेली अर्धी त्याने तोंडात टाकली, बोटं पुसली, आणि बूट घालता घालता म्हणाला, "हेच आधी केलं असतंस दादा, तर एवढं सगळं झालंच नसतं."

उत्तर तयार होतं, एक नाही, खूप होती, इतक्या वर्षांची. वास्तुशांतीचा डबा होता, शहाळं होतं, बाकांवरचे लोक होते. मी तोंड उघडलं.

आईचं चावणं थांबलं. पापडी हातात तशीच होती, दुसरा हात डब्याच्या झाकणावर. ती माझ्याकडे बघत होती. झाकण लावायचं की नाही, एवढंच तिला ठरवायचं होतं.

मी भावजयीकडे पाणी मागितलं.